रक्तन्यूनता : कारणशोधाच्या साध्या रक्ततपासण्या

रक्तातील तांबड्या कोशिका, पांढऱ्या कोशिका किंवा बिंबाणू (रक्त गोठण्याच्या क्रियेत भाग घेणारे सूक्ष्म कण) यांपैकी एका वा अधिक घटकांचे प्रमाण वय, लिंग व गर्भावस्था यांस अनुसरून ठरविलेल्या किमान मर्यादेखाली जाणे, या अवस्थेस रक्तन्यूनता म्हणतात. तांबड्या कोशिका किंवा त्यांतील हीमोग्लोबिन (रक्तारुण) कमी असल्यास पांडुरोग, पांढऱ्या कोशिका कमी असल्यास श्वेतकोशिकान्यूनता, बिंबाणू कमी असल्यास बिंबाणुन्यूनता व तिन्ही घटक कमी असल्यास सर्वकोशिकान्यूनता अशा संज्ञा योजतात. या संज्ञांनी रोगाचे नाव कळत नाही, केवळ रोगाचे एक लक्षण कळते. ताप म्हटल्याने जसा हिवताप की विषमज्वर हे ठरत नाही, तसेच पांडुरोग म्हटल्याने शरीरात लोह कमी आहे, कोशिका अकाली फुटत आहेत की अस्थिमज्जेत त्या तयारच होत नाहीत, हे ठरत नाही. उपचार मात्र यावरच अवलंबून असतो.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात पांडुरोगावर स्वतंत्र अध्याय असून त्यात लोहयुक्त कल्प सांगितले आहेत. लोह व रक्त यांच्या संबंधाची ही जाण जुनी व मोलाची आहे. तथापि ‘फिकेपणा म्हणजे लोहाची उणीव’ हे समीकरण त्यातूनच जनमानसात इतके रुजले आहे, की आजही पुष्कळदा हीमोग्लोबिनाचा एक आकडा पाहून लोहाच्या गोळ्या दिल्या जातात व तपासणी तेथेच थांबते. महाराष्ट्रात बहुसंख्य रुग्णांच्या बाबतीत हे अनुमान बरोबर ठरते. उरलेल्यांच्या बाबतीत ते चुकते आणि ही चूक वर्षानुवर्षे लक्षात येत नाही.

प्रादेशिक संदर्भ : कारणशोधाचे महत्त्व काही प्रदेशांत विशेष असते. यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेकडील, तेलंगणाच्या सीमेला लागून असलेला झरी जामणी तालुका हे याचे उदाहरण होय. कापूस पिकविणाऱ्या या तालुक्यात कोलाम व गोंड या आदिवासी जमातींची वस्ती मोठी आहे. कोलाम ही महाराष्ट्रातील तीन विशेष असुरक्षित आदिम जमातींपैकी एक असून कातकरी व माडिया गोंड या उरलेल्या दोन होत. अपुरा व एकसुरी आहार, लागोपाठची बाळंतपणे, अनवाणी शेतकामामुळे होऊ शकणारा अंकुशकृमींचा उपसर्ग आणि हिवताप ही पांडुरोगाची सर्वपरिचित कारणे अशा प्रदेशात एकत्र येतात. त्यांच्या जोडीला विदर्भात आणखी एक कारण असते, ते म्हणजे दात्र-कोशिका विकार (सिकल सेल). यात हीमोग्लोबिनाच्या रेणूतील आनुवंशिक दोषामुळे, ऑक्सिजन कमी झाला असता तांबड्या कोशिका विळ्याच्या (दात्राच्या) आकाराच्या व ताठर होतात.

या विकाराचे वैद्यकीय वर्णन प्रथम शिकागो येथील जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये केले. लायनस पॉलिंग व त्यांचे सहकारी यांनी १९४९ मध्ये हा हीमोग्लोबिनाच्या रेणूचा विकार असल्याचे दाखविले. भारतात १९५२ मध्ये निलगिरीतील आदिवासींत त्याचे अस्तित्व नोंदले गेले आणि मध्य भारतातील आढळ शुक्ल व सोळंकी यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केला. महाराष्ट्रात गोंड, परधान, माडिया, भिल्ल, पावरा इ. जमातींत, तसेच विदर्भातील काही बिगर-आदिवासी समाजांतही हे जनुक आढळते. माता-पित्यांपैकी एकाकडूनच सदोष जनुक आल्यास व्यक्ती वाहक असते व सामान्यतः निरोगी राहते. दोघांकडून आल्यास रोग होतो. दोन वाहकांच्या विवाहात प्रत्येक अपत्याला रोग होण्याची शक्यता २५% असते.

म्हणून एकाच वाडीतील, एकाच आकड्याच्या दोन पांडुरोगी स्त्रियांपैकी एकीला लोह हवे असते, तर दुसरीच्या शरीरात ते पुरेसे किंवा अधिकही असू शकते. याची उलट बाजूही ध्यानात ठेवावी लागते. दात्र-कोशिका जनुकाचा वाहक असलेल्या व्यक्तीला, किंबहुना रोग्यालाही, लोहन्यूनता होऊ शकते. ‘सिकल आहे’ एवढ्यावरून लोह नाकारणे ही पहिल्या चुकीइतकीच मोठी चूक आहे.

हीमोग्लोबिनाचे मापन : जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार समुद्रसपाटीजवळ राहणाऱ्या प्रौढ पुरुषात १०० मिलि. रक्तात १३ ग्रॅ., गर्भवती नसलेल्या स्त्रीत १२ ग्रॅ. आणि गर्भवतीत ११ ग्रॅ. (२०२४ च्या सुधारित निकषांनुसार गर्भावस्थेच्या मधल्या तिमाहीत १०.५ ग्रॅ.) यांखालील प्रमाण पांडुरोगाचे निदर्शक मानतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२% स्त्रिया पांडुरोगी आढळल्या. हे मापन बोटाच्या टोकाच्या रक्तावर केलेले होते. शिरेतील रक्तावर केलेले मापन अधिक विश्वसनीय असते, कारण बोट दाबून काढलेल्या थेंबात ऊतकांतील द्रव मिसळून रक्त पातळ होते. बोट न पिळता, पहिला थेंब पुसून टाकून नंतरचा थेंब घेण्याचा नियम याकरिताच आहे.

डोळ्याच्या पापणीची आतली बाजू, जीभ व तळवे पाहून तीव्र पांडुरोग ओळखता येतो, सौम्य मात्र नजरेतून सुटतो. सालीच्या पद्धतीत २० घ. मिमी. रक्त सौम्य हायड्रोक्लोरिक अम्लात मिसळून तयार झालेला तपकिरी रंग प्रमाण काचेच्या रंगाशी जुळेपर्यंत पाणी घालतात. अनेक दशके ग्रामीण दवाखान्यांचा भार या पद्धतीने वाहिला. परंतु रंग जुळविणे पाहणाऱ्याच्या डोळ्यांवर व खोलीतील उजेडावर अवलंबून असल्याने तीत बरीच चूक संभवते. सायन्मेथहीमोग्लोबिन पद्धतीत रंगाची तीव्रता प्रकाशमापकाने मोजली जाते व ती प्रमाण पद्धत मानली जाते. उपकेंद्रांत आता विजेरीवर चालणारी अंकदर्शी उपकरणे आढळतात. साधन कोणतेही असो, त्यातून मिळणारे उत्तर एकच असते : पांडुरोग आहे किंवा नाही, आणि असल्यास किती.

कोशिकांचा आकार : कारणाकडे नेणारी पहिली पायरी म्हणजे तांबड्या कोशिकांचे सरासरी आकारमान. क्लथनरोधी द्रव्य (रक्त गोठू न देणारे रसायन) मिसळलेले रक्त अरुंद नळीत घेऊन केंद्रोत्सारकात फिरविले असता कोशिका तळाशी बसतात. त्यांच्या स्तंभाचे एकूण स्तंभाशी असलेले शेकडा प्रमाण म्हणजे संकुलित कोशिका घनफळ होय. मॅक्सवेल विन्ट्रोब यांनी १९२९ च्या सुमारास हे प्रमाण, हीमोग्लोबिन व तांबड्या कोशिकांची गणना यांवरून काही निर्देशांक काढण्याची रीत घालून दिली व ती आजही पायाभूत आहे. संकुलित घनफळाला १० ने गुणून घ. मिमी. मधील कोशिकांच्या दशलक्षांतील संख्येने भागले असता सरासरी आकारमान फेम्टोलिटरमध्ये मिळते. प्रौढात ते ८० ते १०० असते.

याच नळीतून, कोणताही खर्च न वाढविता, आणखी काही माहिती मिळते. कोशिकांवरील रक्तद्रव लोहन्यूनतेत पाण्यासारखा फिका व रक्तविलयनात (तांबड्या कोशिका फुटण्याच्या क्रियेत) गडद पिवळा दिसतो. दोहोंच्या मधला पांढुरका थर पांढऱ्या कोशिका व बिंबाणू यांचा असतो. तो नेहमीपेक्षा बराच जाड दिसल्यास रक्तार्बुदाची (रक्ताच्या कर्करोगाची) शंका घेतात. स्वयंचलित गणकयंत्रे आल्यापासून नळीकडे पाहण्याची सवय मोडली, हे काहीसे दुर्दैवाचे आहे.

जालिका-कोशिका गणना : अस्थिमज्जेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या तांबड्या कोशिकांत विशिष्ट निळ्या रंजकाने रंगणारे जाळे एक-दोन दिवस टिकते. अशा कोशिकांचे प्रमाण प्रौढात सु. ०.५ ते २.५% असते. कोशिका तयार होत नाहीत की तयार होऊन नष्ट होत आहेत, हा पांडुरोगातील मूलभूत प्रश्न ही एकच गणना सोडविते. रंजकाची एक बाटली व सूक्ष्मदर्शक एवढ्यावर होणारी ही तपासणी सर्वांत उपेक्षित राहावी, हे प्रस्तुत लेखकाला नेहमीच कोडे वाटत आले आहे. मात्र शेकडा प्रमाण जसेच्या तसे घेऊ नये. तांबड्या कोशिकाच कमी असताना त्यांतील २% हा आकडा प्राकृत (सर्वसामान्य) वाटला तरी फसवा असतो. म्हणून त्याला संकुलित घनफळाने गुणून ४५ ने भागतात. घनफळ १५ असल्यास २% चे खरे मूल्य ०.७% च्या आतच भरते, म्हणजे अस्थिमज्जा मंदावलेली आहे असे ठरते.

या पायऱ्यांचा उपयोग उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, तीन स्त्रियांचे हीमोग्लोबिन सारखेच, ७.२ ग्रॅ. आहे. पहिलीचे संकुलित घनफळ २५ व तांबड्या कोशिका ४० लक्ष आहेत. सरासरी आकारमान ६२.५, म्हणजे कोशिका लहान आहेत. जालिका-कोशिका १.५%, सुधारित मूल्य ०.८%. हे चित्र लोहन्यूनतेचे आहे. दुसरीचे घनफळ २२, कोशिका २५ लक्ष, आकारमान ८८, म्हणजे प्राकृत. परंतु जालिका-कोशिका १२% असून सुधारित मूल्य जवळजवळ ६% भरते व रक्तद्रव पिवळा आहे. येथे अस्थिमज्जा जोमाने काम करीत आहे, पण कोशिका टिकत नाहीत. दात्र-कोशिका रोगाचा विचार येथे प्रथम करावा लागतो. तिसरीचे घनफळ २२ व कोशिका अवघ्या १९ लक्ष. आकारमान ११६, जालिका-कोशिका १%, पांढऱ्या कोशिका ३,२०० व बिंबाणू ९०,००० आहेत. मोठ्या आकाराच्या कोशिका व तिन्ही घटकांची घट यांवरून ब१२ जीवनसत्त्व किंवा फॉलिक अम्ल यांची न्यूनता संभवते. तिघींनाही लोहाच्या गोळ्या दिल्या, तर पहिलीच तेवढी बरी होईल.

लहान कोशिकांचे दुसरे महत्त्वाचे कारण म्हणजे बीटा थॅलॅसीमियाचे वाहकत्व. त्यात हीमोग्लोबिन थोडेच कमी असते, परंतु कोशिकांची संख्या प्राकृत वा अधिक असते. आकारमानाला कोशिकांच्या दशलक्षांतील संख्येने भागले असता भागाकार १३ पेक्षा कमी आल्यास थॅलॅसीमियाकडे, अधिक आल्यास लोहन्यूनतेकडे कल मानतात. वरील पहिल्या स्त्रीत तो १५.६ येतो. हे गणित दिशादर्शक आहे, निर्णायक नाही.

रक्तलेप : काचपट्टीवर रक्ताचा पातळ थर पसरून, लीशमन यांच्या रंजकाने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे, ही सर्व साध्या तपासण्यांत अधिक माहिती देणारी तपासणी होय. लोहन्यूनतेत कोशिका लहान, मध्यभागी फिकट व काही पेन्सिलीसारख्या लांबट दिसतात. ब१२ किंवा फॉलिक अम्लाच्या न्यूनतेत त्या मोठ्या व अंडाकृती होतात आणि उदासीनरागी पांढऱ्या कोशिकांच्या केंद्रकाला पाच, सहा किंवा अधिक खंड पडतात. दात्र-कोशिका रोगात विळ्यासारख्या कोशिका, नेमबाजीच्या लक्ष्यासारख्या दिसणाऱ्या लक्ष्यकोशिका व केंद्रकयुक्त अपक्व तांबड्या कोशिका आढळतात. वाहकाच्या लेपात बहुधा असे काहीच दिसत नाही. हिवतापाचे परजीवी याच लेपात सापडतात व रक्तार्बुदातील अपक्व पांढऱ्या कोशिकाही येथेच प्रथम नजरेस पडतात.

यंत्राने दिलेला आकडा खरा की खोटा हे ठरविण्यासाठीही लेप लागतो. काही व्यक्तींच्या बिंबाणूंचे क्लथनरोधी द्रव्यामुळे नळीत पुंजके होतात व यंत्र त्यांची संख्या फार कमी दाखविते. लेपात पुंजके दिसले की रुग्णाला बिंबाणू देण्याचा प्रसंग टळतो. उलट, केंद्रकयुक्त तांबड्या कोशिकांना अनेक यंत्रे पांढऱ्या कोशिका समजतात. पांढऱ्या कोशिका १८,००० मोजल्या गेल्या व दर १०० पांढऱ्या कोशिकांमागे अशा ५० तांबड्या कोशिका दिसल्या, तर खरी संख्या १२,००० असते.

द्राव्यता चाचणी : दात्र-कोशिका जनुक शोधण्याची ही सर्वांत स्वस्त पद्धत आहे. फॉस्फेटाच्या संहत विद्रावात सोडियम डायथायोनाइट व कोशिका फोडणारे सॅपोनीन घालून त्यात रक्ताचा अंश मिसळतात. ऑक्सिजन निघून गेल्यावर सदोष हीमोग्लोबिन विरघळत नाही व मिश्रण गढूळ होते. नळीमागे धरलेल्या कागदावरील काळ्या रेषा पाच मिनिटांनंतर दिसेनाशा झाल्यास चाचणी होकारार्थी समजतात.

तिच्या मर्यादा मात्र नीट समजून घेतल्या पाहिजेत. पहिली मर्यादा अशी, की वाहक व रोगी या दोहोंत ती होकारार्थी येते. ही चाचणी होकारार्थी आलेल्या निरोगी वाहकाला ‘रोगी’ ठरविल्याने विवाह मोडल्याची व मुलीला दोष दिल्याची उदाहरणे घडतात. म्हणून विद्युत् संचारण किंवा उच्च कार्यक्षमता द्रव वर्णलेखन यांनी हीमोग्लोबिनाचे प्रकार वेगळे केल्याशिवाय रुग्णाच्या हाती निर्णय देऊ नये. दुसरी मर्यादा अधिक धोक्याची आहे. हीमोग्लोबिन ७ ग्रॅ. च्या आसपास किंवा त्याखाली असल्यास नळीत सदोष हीमोग्लोबिन पुरेसे पडत नाही व चाचणी खोटी नकारार्थी येऊ शकते. ज्या अतिपांडुर रुग्णासाठी ती करावयाची, नेमकी त्याच्याच बाबतीत ती फसते. अशा वेळी रक्तद्रव काढून टाकून संकुलित कोशिका वापरतात. सहा महिन्यांखालील अर्भकात गर्भावस्थेतील हीमोग्लोबिन अधिक असल्याने, तसेच नुकतेच दुसऱ्याचे रक्त दिलेले असल्यासही चाचणीवर विसंबता येत नाही. यावरून एक व्यावहारिक नियम निघतो : रक्त चढविण्यापूर्वीच तपासणीचा नमुना काढून ठेवावा. रक्त देऊन झाल्यावर निश्चित निदानासाठी तीन महिनेही थांबावे लागते.

लोह, ब१२ जीवनसत्त्व व फॉलिक अम्ल : लोहाचा हिशोब सोपा आहे. एक ग्रॅ. हीमोग्लोबिनात सु. ३.४ मिग्रॅ. लोह असते, म्हणजे १०० मिलि. प्राकृत रक्त गेले की ५० मिग्रॅ. लोह जाते. नेकॅटर जातीचा एक अंकुशकृमी दिवसाला सु. ०.०३ मिलि. रक्त शोषतो. शंभर कृमींमुळे रोज दीड मिग्रॅ. लोह जाते आणि आहारातून पुरुष रोज सु. १ मिग्रॅ. एवढेच लोह शोषून घेतो. म्हणून लोहन्यूनता सिद्ध झाल्यावरही शोध संपत नाही. रक्त कोठून जाते हे पाहण्यासाठी विष्ठेतील कृमींची अंडी व अदृश्य रक्त यांची तपासणी, आणि स्त्रियांत मासिक स्रावाची चौकशी आवश्यक असते. वयस्क पुरुषातील लोहन्यूनता आतड्याच्या कर्करोगाची पहिली खूण असू शकते.

रक्तरसातील फेरिटिनाचे प्रमाण शरीरातील लोहाचा साठा दर्शविते. निरोगी प्रौढात ते लिटरला १५ मायक्रोग्रॅ. पेक्षा कमी असणे लोहन्यूनतेचे निदर्शक होय. मात्र संसर्ग वा दाह असताना ते वाढते, त्यामुळे ते प्राकृत दिसले तरी न्यूनता नाकारता येत नाही. फेरिटिन मोजण्याची सोय नसेल तेथे उपचार हीच तपासणी ठरते. लोह सुरू केल्यावर ५ ते १० दिवसांत जालिका-कोशिका वाढतात व महिन्याभरात हीमोग्लोबिन किमान १ ग्रॅ. ने चढते. तसे न झाल्यास गोळ्यांची मात्रा वाढविण्याऐवजी निदान पुन्हा तपासावे. दात्र-कोशिका रोग्याला वरचेवर रक्त द्यावे लागल्यास प्रत्येक पिशवीबरोबर २०० ते २५० मिग्रॅ. लोह शरीरात जाते व ते बाहेर टाकण्याचा मार्ग शरीराजवळ नाही. त्यात गोळ्यांची भर पडल्यास यकृत व हृदय यांना इजा होते.

मोठ्या कोशिकांच्या पांडुरोगाच्या इतिहासात मुंबईला विशेष स्थान आहे. इंग्रज वैद्य लूसी विल्स या १९२८ मध्ये भारतात आल्या व त्यांनी मुंबईतील गिरणी कामगार स्त्रियांना गर्भावस्थेत होणाऱ्या या पांडुरोगाचा अभ्यास केला. यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, हे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य म्हणजेच पुढे ओळखले गेलेले फॉलिक अम्ल. ब१२ ची न्यूनता मात्र शाकाहारी समाजात अधिक आढळते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील संशोधकांनी ती महाराष्ट्रात किती व्यापक आहे हे दाखविले आहे. ब१२ न्यून असलेल्या रुग्णाला केवळ फॉलिक अम्ल दिले, तर रक्त सुधारते पण मज्जारज्जूची इजा चालूच राहते. पायांना मुंग्या येणे, अंधारात तोल जाणे ही लक्षणे असलेल्या रुग्णाचा रक्ताचा आकडा सुधारला म्हणून समाधान मानू नये.

पांढऱ्या कोशिका व बिंबाणू : पांढऱ्या कोशिकांची प्राकृत संख्या घ. मिमी. ला ४,००० ते ११,००० व बिंबाणूंची १.५ ते ४.५ लक्ष असते. विषमज्वर, डेंग्यू व इतर विषाणुजन्य तापांत पांढऱ्या कोशिका, तर डेंग्यू व हिवताप यांत बिंबाणू तात्पुरते घटतात. डेंग्यूत बिंबाणूंच्या संख्येने आप्तेष्ट घाबरतात, परंतु त्याच वेळी संकुलित घनफळ वाढत असणे हे रक्तद्रव वाहिन्यांबाहेर झिरपत असल्याचे व म्हणून अधिक धोक्याचे चिन्ह आहे. उदासीनरागी कोशिका ५०० च्या खाली गेल्यास साधा ताप प्राणघातक ठरू शकतो. तिन्ही घटक कमी, जालिका-कोशिका नगण्य व लेपात ब१२ न्यूनतेच्या खुणा नाहीत, असे असल्यास किंवा अपक्व कोशिका दिसल्यास साध्या तपासण्यांची हद्द संपते. मग अस्थिमज्जेचा नमुना तपासण्यासाठी रुग्णाला वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पाठविणे आवश्यक होते.

दात्र-कोशिका रोग्याचे हीमोग्लोबिन नेहमीच्या ८ ग्रॅ. वरून अचानक ४ ग्रॅ. वर आल्यास जालिका-कोशिकांची गणनाच मार्ग दाखविते. त्या जवळजवळ नाहीशा झाल्या असतील, तर पार्व्होव्हायरस या विषाणूने अस्थिमज्जा काही दिवस बंद पाडली आहे, असे अनुमान निघते. त्या वाढलेल्या असून बालकाची प्लीहा झपाट्याने मोठी झाली असेल, तर रक्त प्लीहेत अडकले आहे. दोन्ही प्रसंगी त्वरित रक्त द्यावे लागते, पण दुसऱ्यात विलंब काही तासांचाही परवडत नाही. याकरिता अशा मुलाच्या आईला प्लीहा हाताने चाचपण्यास शिकविणे ही कोणत्याही यंत्राइतकीच उपयुक्त गोष्ट आहे.

नमुन्याची काळजी : विदर्भातील उन्हाळ्यात तापमान ४५° से. च्या आसपास जाते. अशा वेळी वाडीवर घेतलेले रक्त तालुक्याच्या गावी पोहोचेपर्यंत कोशिका फुगतात, बिंबाणू मोडतात व आकारमान खोटेच मोठे येते. म्हणून लेप जागेवरच पसरून, वाळवून मेथिल अल्कोहॉलात स्थिर करावा. तो नंतर केव्हाही रंगविता येतो. हीमोग्लोबिनाचे प्रकार ठरविण्यासाठी पाठवावयाची नळी बर्फाच्या पेटीत, पण बर्फाला प्रत्यक्ष न चिकटेल अशी ठेवावी, कारण गोठलेल्या रक्तातील कोशिका फुटतात. नळीवर नाव, वय, गाव, याआधी रक्त दिले असल्यास त्याची तारीख व चालू औषधे लिहिणे आवश्यक आहे. यांपैकी औषधांची नोंद बहुधा राहून जाते. दात्र-कोशिका रोगावर दिले जाणारे हायड्रॉक्सियूरिया तांबड्या कोशिकांचे आकारमान वाढविते आणि मात्रा अधिक झाल्यास पांढऱ्या कोशिका व बिंबाणू कमी करते. ही नोंद नसेल, तर औषधाचा परिणाम तपासणाऱ्याला ब१२ ची न्यूनता किंवा अस्थिमज्जेचा नवा विकार वाटण्याचा संभव असतो.